काशीनाथचे दोन शब्द

राजाभाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा कौसल्याच्या खानावळीत माणसं जेवत होती. दिल्लीजवळच्या मानेसर गावात घरमालक चौधरीच्या गोठ्याला लागून पत्र्याच्या खोल्यांची ओळ आहे. त्यातल्या टोकाच्या दोन खोल्यांत कौसल्या आणि तिची सून नीलम ही खानावळ चालवतात. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या कारखान्यांत राबणारी, मराठवाड्याकडून आलेली माणसं. चपातीनं ज्यांचं पोट भरत नाही अशी.

बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटली होती. पत्रा एवढा तापला होता की खाली बसलेल्याची टाळू भाजावी. पाण्याचा टँकर सकाळपासून आला नव्हता, म्हणून नीलम जेवणाऱ्यांना पाणी मागितलं तरच देत होती. कौसल्या तव्यापुढं घामानं निथळत भाकऱ्या थापत होती. तिचा नवरा काशीनाथ दारात बसून कांदे चिरत होता. त्याचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. कांदा तो त्या हाताच्या बोटांनी नुसता दाबून धरतो, बाकीचं काम उजव्यानं.

कुणीतरी फोनवर बातमी वाचली, की गावाकडचे पुढारी राजाभाऊ इथंच दिल्लीच्या हॉस्पिटलात गेले. एकजण म्हणाला, वाघ गेला. दुसरा म्हणाला, कसला वाघ, लोकांच्या जमिनी खाऊन फुगला होता. प्रतीक नावाचा तरणा कामगार हसला आणि त्यानं तिथंच बसल्या बसल्या ‘एक पाप गेलं’ असं स्टेटस टाकलं. कुणी हळहळलं, कुणी चटणी मागितली. मग बातमीतला फोटो आला आणि सगळ्यांचे हात थांबले. फोटोत राजाभाऊंनी एका माणसाला मिठी मारली होती. त्या माणसाच्या अंगावर नवी शाल होती.

“काका, हे तुम्हीच ना?” प्रतीकनं विचारलं.

काशीनाथनं फोटो बघितला, मीच म्हणाला, आणि पुढचा कांदा घेतला.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही उगाच नाही. जिवंत होता तोवर ज्याचं नाव घेताना लोक आजूबाजूला बघून घ्यायचे, तो माणूस संध्याकाळपर्यंत दीनदुबळ्यांचा कैवारी झाला. प्रत्येक चॅनेलवर तो फोटो आणि खाली ओळ, की दलितांना हृदयाशी धरणारा नेता हरपला. हृदयाशी धरलं हे खरं आहे. कसं धरलं ते आता सांगितलंच पाहिजे.

काशीनाथच्या गावाबाहेर गायरान होतं. बौद्धवाड्यातल्या घरांनी तिथले दगड वेचले, बांध घातले आणि वर्षानुवर्षं ज्वारी पिकवली. ती जमीन राजाभाऊंना कॉलेजसाठी पाहिजे झाली. ज्वारी हुरड्यात आलेली असताना त्यांनी तिच्यात ट्रॅक्टर घातले. काशीनाथ आडवा गेला तर त्यांच्या माणसांनी कुदळीच्या दांड्यानं त्याचा हात मोडला. राजाभाऊ स्वतः बांधावर उभे राहून फोनवर बोलत होते. त्यांनी मारा म्हटलं नाही आणि थांबाही म्हटलं नाही.

पोलिसांत तक्रार झाली तसे गावातले चार शहाणे मध्ये पडले. समेट करा, जमिनीचं राजाभाऊ बघतील, गावात राहायचंय ना तुम्हाला. वस्तीला काम बंद झालं होतं, दळण बंद झालं होतं. काशीनाथनं तक्रार मागं घेतली. मग शाळेच्या मैदानात पत्रकार बोलावून समेट झाला. हाताचं प्लास्टर दिसू नये म्हणून वरून शाल घातली आणि राजाभाऊंनी मिठी मारली ती नेमकी त्या हातावर. कळ मस्तकात गेली. आवाज निघू नये म्हणून काशीनाथनं दात आवळले. फोटोत ते हसल्यासारखं दिसतं.

जमिनीवर कॉलेज उभं राहिलं. काशीनाथ आणि कौसल्या गाव सोडून मुलाकडं मानेसरला आले.

मुलगा समाधान गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनवर आहे. आयटीआय झालेला, हाताला सफाई असलेला माणूस, पण लग्न झालं तरी ठेकेदाराचाच कामगार. कंपनीचा कायम कामगार व्हायचं म्हणजे कंपनीचा निळा शर्ट, आजारी पडलं तर दवाखाना, आणि उद्या येऊ नको असं कुणी फोनवर सांगू शकत नाही एवढी शाश्वती. या वेळी त्याचं नाव वर गेलं होतं आणि ते कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर मुरलीधर यांच्या टेबलावर होतं. मुरलीधर पुण्याचे. दिल्लीतल्या मराठी मंडळाचेही तेच कार्यवाह.

त्या संध्याकाळी समाधान कंपनीच्या बसमधून उतरला तो हसतच. हातपाय धुवायला पाणी नव्हतं, तेल लागलेले हात त्यानं चिंधीला पुसले आणि बापाजवळ बसला. मुरलीधर सरांनी आज स्वतः बोलावून खुर्ची दिली होती. रविवारी मयूर विहारला मंडळाची शोकसभा आहे. फोटोतले गृहस्थ आपल्याच समाधानचे वडील हे कळल्यावर सरांना फार आनंद झाला. बाबांनी स्टेजवर बसावं, दोन शब्द बोलावेत. आणि जाता जाता सर म्हणाले होते, तुझ्या लेटरवर सोमवारी सही करतो.

“दोनच शब्द, बाबा,” समाधान म्हणाला. “नंतर त्यांचं नावही काढायचं नाही.”

तेवढ्यात काशीनाथचा फोन वाजला. खानावळीच्या ग्रुपवर कुणीतरी हात जोडले होते आणि त्याच्या वर शोकसभेचा निरोप होता. सर्व मराठी बांधवांनी रविवारी हजर राहावे. पाठवणारा समाधान. सरांनी सांगितलं, म्हणून बसमध्येच त्यानं सगळ्या ग्रुपांवर टाकला होता.

मग मात्र काशीनाथचा तोल गेला.

“माझ्या आज्यानं यांच्या मयताचे सांगावे नेले,” तो म्हणाला. “उन्हातान्हात, गावोगाव, अनवाणी. वाटेत पाणीसुद्धा वरून ओतायचे. माझ्या बापानं ते काम सोडलं आणि त्यापायी मार खाल्ला. आणि तू यांच्या मयताचा सांगावा घरबसल्या नेलास.”

समाधानचा चेहरा उतरला. असलं काही त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. साहेबानं मेसेज पाठव म्हटलं आणि त्यानं पाठवला. आता तो कसा परत घ्यायचा? निम्म्या लोकांनी हात जोडून उत्तरंही दिली होती.

नीलम दारात उभी राहून ऐकत होती. ती दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. सासरच्या गावाला ती एकदाच गेली होती, आणि सासरे पडले, हात मोडला एवढंच तिला सांगितलेलं होतं.

“बाबा, गायरान म्हणजे एक्झॅक्टली काय?” तिनं विचारलं.

काशीनाथनं सांगायला तोंड उघडलं आणि त्याला सांगता येईना. गुरं चारायची सरकारी जमीन, एवढं सांगून काय कळणार होतं तिला? शेवटी कौसल्यानंच सगळं सांगितलं, दांड्यापासून मिठीपर्यंत. सांगताना तिचे हात पिठात तसेच होते. ऐकून नीलम समाधानकडं बघत राहिली आणि त्यानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी प्रतीकला कारखान्याच्या गेटवरच अडवलं. त्याचं स्टेटस कुणीतरी ठेकेदाराला दाखवलं होतं. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहितोस, लाज नाही वाटत, असं म्हणून त्याला परत पाठवलं. राजाभाऊंनी हयातीत केलं त्याची लाज कुणाला वाटली नव्हती. चार शब्द लिहिणाऱ्यानं मात्र लाजून बेकार व्हायचं. प्रतीक दुपारी खानावळीत येऊन बसला आणि ताट समोर असून जेवेना. समाधाननं हे संध्याकाळी ऐकलं आणि तो बापाला काहीच म्हणाला नाही. त्याचं न बोलणंच काशीनाथला जास्त लागलं.

शनिवारी मुरलीधर स्वतः आले. गाडी गोठ्याच्या चिखलाशी थांबवावी लागली. म्हशींच्या मधून वाट काढत, नाकाला रुमाल न लावण्याची काळजी घेत ते आत आले. बसायला खानावळीचा बाक होता. त्यांनी तोंड भरून चहाचं कौतुक केलं, समाधानच्या कामाचं कौतुक केलं आणि सोबत आणलेला पांढरा झब्बा काशीनाथपुढं ठेवला. टीव्हीवाले येणार आहेत, म्हणाले, पांढरं असलं की बरं दिसतं. काशीनाथच्या अंगावरचा सदरा धुतलेला होता. कौसल्यानं सकाळीच जपून ठेवलेल्या पाण्यात तो धुतला होता. तिनं झब्ब्याकडं बघितलं आणि पदर तोंडाशी नेला.

“काका, तुमची मिठी म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला आदर्श आहे,” मुरलीधर म्हणाले. “तेवढंच सांगा. जास्त काही नको.”

“जमीन अजून त्यांच्याच संस्थेकडं आहे,” काशीनाथ म्हणाला.

“असेल. पण ही ती वेळ नाही, काका. मेल्यावर वैर संपतं म्हणतात.”

मुरलीधर काही दुष्ट माणूस नव्हते. दिवाळीला कामगारांच्या मुलांना फटाके वाटायचे, कुणाच्या घरी आजारपण असलं तर रजा द्यायचे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे वेगळेच असतात. हे नुसते ते लोणी वाढतात, आणि तेही किती अदबीनं. काशीनाथनं येतो म्हणून मान हलवली तेव्हा त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. डावा जरा जास्तच ओढला.

गाडी गेल्यावर काशीनाथ बाकावरच बसून होता. कौसल्या समोर भाजी निवडायला बसली.

“राजाभाऊ होते तेव्हा बोललो तर हात मोडला,” तो म्हणाला. “आता मेलेल्याबद्दल बोलू नये म्हणतात. मग आपण बोलायचं कधी?”

कौसल्यानं मेथीची काडी मोडली.

“जावा तुम्ही,” ती म्हणाली. “पोराच्या पोटाचा प्रश्न आहे, मी नको कशी म्हणू? पण दोनच शब्द मागतात ना, ते तुमचे असू द्या.”

रविवारी सकाळी कंपनीची बस आली. एरवी याच बसमध्ये ठेकेदाराच्या माणसाला मागं उभं राहावं लागतं. आज काशीनाथला पुढची जागा मिळाली. झब्बा त्यानं घातला होता, पण बाही डाव्या हाताला नीट बसत नव्हती. समाधान शेजारी बसला होता. सबंध रस्ताभर त्यानं एकदाही विचारलं नाही, बाबा काय बोलणार आहात. विचारायची त्याची छाती झाली नाही.

मयूर विहारला सोसायटीच्या सभागृहाबाहेर दोन घोळके होते. एका बाजूला अमर रहेच्या घोषणा, दुसऱ्या बाजूला रस्त्यापलीकडं काही पोरं पेढे वाटत होती. मध्ये पोलीस. पेढेवाल्यांतल्या एकानं काशीनाथला फोटोवरून ओळखलं आणि हिंदीत ओरडून विचारलं, की काका, स्टेजवर बसायचं काय मिळालं? समाधान रागानं वळला. काशीनाथनं त्याला धरून आत नेलं. मारणाऱ्याला कुणी काही विचारत नव्हतं आणि मार खाल्लेल्याला दोन्हीकडून विचारत होते.

आत थंडगार होतं. राजाभाऊंचा माणसापेक्षा मोठा फोटो, त्याला हार. एकामागून एक भाषणं झाली. कुणाला त्यांची विनोदबुद्धी आठवली, कुणाला त्यांची कार्यतत्परता. एका बाईंनी त्यांच्या हुरडा पार्ट्यांची आठवण सांगितली आणि सभागृहात हलकंसं हसू पसरलं. काशीनाथ स्टेजवर टोकाच्या खुर्चीत ताठ बसला होता. मग मुरलीधरांनी त्याचं नाव पुकारलं. राजाभाऊंचे गावाकडचे स्नेही, म्हणाले.

काशीनाथ माईकपुढं उभा राहिला. माईक त्याच्या उंचीचा नव्हता, तो कुणीतरी येऊन खाली केला.

“मी काशीनाथ. फोटोतला माणूस मीच,” तो म्हणाला. “त्या शालीखाली प्लास्टर होतं. माझा हात यांच्या माणसांनी मोडला होता आणि हे बांधावर उभे होते.”

काशीनाथ माईकच्या आणखी जवळ सरकला.

“आमची ज्वारी उभी होती. तिच्यात ट्रॅक्टर…”

माईक बंद झाला. काशीनाथला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो शेतात हाक मारतात तसा मोठ्यानं बोलू लागला. पण त्याच वेळी कुणीतरी अमर रहे सुरू केलं आणि मागच्या ओळींनी ते उचललं. काशीनाथनं झब्ब्याची बाही वर सारली आणि वाकडा हात पुढं धरला. त्याचा आवाज फाटला, डोळे भरून आले. तेवढ्यात मुरलीधर धावत आले आणि त्यांनी त्याला घट्ट मिठीत घेतलं. काका, शांत व्हा, शांत व्हा. पाठ थोपटत थोपटत त्यांनी त्याला पडद्यामागं नेलं. सगळे कॅमेरे तिकडं वळले होते. पुढच्या ओळींत बसलेल्यांना शब्द न् शब्द ऐकू गेला होता. चांगली शिकलेली, मोठ्या हुद्द्यांवरची माणसं. ती आपापल्या फोनमध्ये बघू लागली.

संध्याकाळी बातमी आली, की राजाभाऊंच्या आठवणीनं जुन्या स्नेह्याला अश्रू अनावर. खाली फोटो. पांढऱ्या झब्ब्यातला काशीनाथ मुरलीधरांच्या खांद्यावर रडतोय.

रागानं माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं हे काय या लोकांना माहीत नाही? माहीत आहे. त्यांच्याही डोळ्यांत कधीतरी आलं असेल. पण गरिबाचं पाणी म्हटलं की त्यात ज्याला पाहिजे तो रंग कालवता येतो. खानावळीत येणाऱ्या माणसांनी तो फोटो बघितला आणि ती काशीनाथची नजर टाळून जेवली. प्रतीक आलाच नाही. नीलम प्रत्येकाला सांगत होती, की ते रडत नव्हते, तसं काही नाहीये, बिल्कुल नाहीये. लोक हो हो म्हणत. काशीनाथनं ताटात हात घातला आणि दोन घास खाऊन उठला. समाधानला त्या रात्री झोप लागली नाही. बापानं आपली नोकरी घालवली, हे त्याच्या मनात येत होतं. आणि असं मनात येतं याची त्याला लाज वाटत होती.

पण नोकरी गेली नव्हती. उलट झालं. मंडळाची सभा बातमीत आली, साहेबांचा फोटो आला, सगळं छान निभावलं गेलं. आता ते तसंच निभावून न्यायचं तर समाधानला कायम करण्यासारखा दुसरा उपाय नव्हता. मुरलीधर अनुभवी माणूस.

कारखान्यात पाळी सुरू व्हायच्या आधी सगळे कामगार ओळीनं उभे राहतात. सुरक्षेची शपथ होते, सूचना होतात, मग मशीन चालू होतात. सोमवारी सकाळी तिथं मुरलीधर स्वतः आले. हातात लिफाफा आणि घडी घातलेला निळा शर्ट. कामगार बहुतेक बिहारचे, उत्तर प्रदेशचे, थोडे हरियाणाचे आणि काही आपले. साहेब हिंदीत बोलले. आपल्या कंपनीतला एक मेहनती कामगार आजपासून कायम होत आहे. त्याच्या वडिलांना तुम्ही काल टीव्हीवर पाहिलं असेल. एका थोर नेत्यासाठी त्या साध्या माणसाचे अश्रू थांबत नव्हते. असे संस्कार घरात असले की कामगारही असा निपजतो.

टाळ्या पडल्या. समाधान ओळीतून पुढं आला. साहेबांनी शर्ट पुढं केला.

समाधानला त्या शर्टाचा नवा वास आला. त्यानं नीलमला तोंडभरून सांगितलं होतं या शर्टाबद्दल. त्यानं हात पुढं केला नाही. मशीन बंद होती, पंखेसुद्धा अजून लावले नव्हते.

“सर, मेरे पिताजी रो नहीं रहे थे,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या ओळीपर्यंत जात होता. “उनका हाथ राजाभाऊ के आदमियों ने तोड़ा था, जमीन छीनने के लिए। वही बता रहे थे। आपने माइक बंद करवा दिया।”

मुरलीधरांचा हात शर्टासकट तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच खाली घेतला. ठीक आहे, ऑफिसमध्ये बोलू, असं म्हणून ते वळले. सुपरवायझरनं शिट्टी दिली, माणसं आपापल्या जागी गेली. समाधाननं हातमोजे चढवले आणि प्रेसवर उभा राहिला. ऑफिसात त्याला दुपारी बोलावलं, आणि तिथं मुरलीधर नव्हतेच. एका कारकुनानं सांगितलं, की तुझ्या नावाचा फेरविचार होणार आहे, तोवर ठेकेदाराकडंच राहा. ठेकेदारानं तिथल्या तिथं दुसरा निरोप दिला, की उद्यापासून येऊ नको.

समाधान कंपनीच्या बसनं आला नाही. त्याला बसमध्ये चढू दिलं नाही. लूमधून चालत, धुळीनं माखून तो खानावळीत पोचला तेव्हा कौसल्या संध्याकाळच्या भाकऱ्यांना लागली होती. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नीलमनं पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला आणि ती त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. कौसल्या म्हणाली, उद्या चौधरीला विचारते, त्याला गोठ्यावर माणूस पाहिजे होता. एवढं बोलून तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

काशीनाथ दारातून उठून मुलाजवळ आला.

“तू बोललास तेव्हा तिथं कोण कोण होतं?” त्यानं विचारलं.

“सगळी पाळी होती.”

“ऐकलं त्यांनी?”

“ऐकलं, बाबा. सगळ्यांनी ऐकलं.”

काशीनाथनं मान हलवली. मग तो मुलाशेजारी मांडी घालून बसला आणि कौसल्याला म्हणाला, “वाढ. आम्हा दोघांनाही वाढ.”